चारची गोळी

गद्रे सरांना आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक पोहणं आणि दुसरी मनातलं बोलून दाखवणं. पोहण्यावाचून नारायण पेठेत कुणाचं काही अडत नाही. तिथे पाणी नळाला येतं, तेही ठरलेल्या वेळी. दुसऱ्या गोष्टीपायी मात्र सरांनी स्वतःच्या जिवाशी असा काही पोरखेळ केला, की तोच एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर त्यांनी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

यज्ञेश्वर गद्रे म्हणजे निवृत्त भूमिती शिक्षक. जन्मभर मुलांकडून प्रमेयं सिद्ध करून घेतली, त्यामुळे घरीही बोलणं तसंच, पक्ष, साध्य, सिद्धता आणि विषय संपला. बायको हेमा बोलकी, हसरी, आणि या माणसाबरोबर राहून थोडी तिखट झालेली. एकुलती एक मुलगी ऋचा आणि जावई आमोद, दोघंही हिंजवडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत. त्यांनी फ्लॅट घेतला विश्रांतवाडीला. ऋचाला मुलगी झाली, अपेक्षा, आणि बाळंतपणाची रजा संपली तशी हेमा 'दोनच महिने हं' असं म्हणून लेकीकडे गेली. ते दोन महिने अजून संपायचे होते आणि अपेक्षा आता 'आजी, गोष्ट' असं स्पष्ट म्हणायला लागली होती.

संगणकामुळे जगातली अंतरं मिटली, असं त्या वर्षांत वर्तमानपत्रात रोज छापून येई. सर ते वाचत आणि हुं करत. नारायण पेठ आणि विश्रांतवाडी यांच्यात पूर्वी काहीच अंतर नव्हतं, कारण तिथे जाण्याचं काही कारणच नव्हतं. ते अंतर संगणकानेच तर तयार केलं होतं.

'तुम्हीही चला की तिकडे,' असं हेमा दोन-तीनदा म्हणाली होती. सर म्हणाले होते, "जावयाकडे सणाला जेवायला जातात. मुक्कामाला जात नाहीत." तिने पुन्हा विचारलं नाही. मुक्ताबाई सकाळी पोळी-भाजी करून जात आणि रविवारी हेमा येई. दिवसभर घर आवरी, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवी आणि उन्हं उतरली की निघे. सर तिला बसथांब्यापर्यंत पोचवत. बस येईपर्यंत बसच्या वेळापत्रकावर टीका करत. एवढ्या वेळात जे बोलायचं ते राहून जाई. बस गेली की मग सरांना आठवे, आणि आपल्याच घराकडे परत जायला पाय उचलत नसत. सोमवार सकाळपासून ते पुढच्या रविवारची वाट पाहायला लागत, आणि हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं, स्वतःजवळसुद्धा नाही.

सरांच्या हृदयाच्या एका वाहिनीत स्प्रिंग बसवलेली होती. त्यापायी सकाळ-रात्र गोळ्या असत, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि दाबाच्या. त्याची त्यांना सवय झाली होती. पण त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोन जिने चढताना दम लागायला लागला, चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. कुठे रक्त जात नव्हतं, पण हिमोग्लोबिन फार खाली होतं. हेमाने ऋचाला सांगितलं, रजा टाक, आणि आठवडाभर नारायण पेठेत येऊन राहिली.

तो आठवडा! दुपारची झोप झाली की चार वाजता स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येई, आल्याचा वास येई, आणि दोघं खिडकीपाशी बसून कपबशीतून चहा पीत. लग्न झाल्यापासूनची ही त्यांची वेळ. सर त्या वेळी फार बोलत नसत, पण गप्प बसायलासुद्धा समोर माणूस लागतं. आजारी पडलो हे फार बरं झालं, असं त्यांना त्या आठवड्यात रोज वाटलं.

डॉक्टरांनी मात्र त्या चहावरच घाव घातला.

"सर, तुमच्या हृदयाच्या गोळ्या आहेत तशाच चालू राहतील. लोहाची गोळी त्यांच्यात मिसळायची नाही. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. पोट रिकामं असताना, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. आणि चहा, दूध, पित्ताची गोळी, यातलं काहीही तिच्या आगेमागे नको. चहाबरोबर घेतलंत तर लोह अंगी लागणारच नाही."

हेमाने लगेच हिशेब केला. सकाळच्या गोळ्या, दुपारचं जेवण, रात्रीच्या गोळ्या. मोकळी वेळ एकच निघत होती. "म्हणजे चारला."

"चारला चहा असतो," सर म्हणाले.

"आता गोळी असेल," डॉक्टर म्हणाले. तेही पेठेतलेच होते. "चहा सहाला घ्या. आणि अजून एक. या गोळीने शौचाला काळी होते. घाबरायचं नाही. पण गोळी बंद असताना काळी झाली, किंवा डांबरासारखी चिकट झाली, तर मात्र त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, हे विसरू नका."

सरांच्या स्मरणशक्तीचा हा शाप होता, की ऐकलेला नियम ते कधी विसरत नसत.

हेमा विश्रांतवाडीला परत गेली आणि जाताना एक व्यवस्था लावून गेली. ती चारला मिस्ड कॉल देणार. घरच्या फोनची घंटा दोनदा वाजून बंद झाली की सरांनी गोळी घ्यायची. घेतली की त्यांनी तिकडे तसाच कॉल द्यायचा, म्हणजे तिला कळेल. बोलायचं काही नाही. बोलायला गेलं तर अपेक्षा जागी होई, आणि फुकटची घंटा असताना फोन कशाला उचलायचा, असं दोघांनाही वाटे. अर्ध्या पुण्याचे संसार त्या काळात असे न उचललेल्या फोनवर चालत होते.

सर चार वाजायच्या आधीच फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसत. घंटा वाजे, थांबे. ते गोळी घेत, लिंबूपाणी पीत, नंबर फिरवत, दोनदा वाजू देत, ठेवत. दिवसातला तेवढा एक क्षण हेमाचा हात फोनवर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असे. त्यानंतर सहापर्यंत वेळ खायला उठे.

दिवाळीच्या सुमारास रिपोर्ट सुधारला. त्या रविवारी हेमा खुशीत होती. पोळी लाटता लाटता म्हणाली, "ऋचाला कंपनी अमेरिकेला पाठवतेय. वर्षभरासाठी. एप्रिलमध्ये निघायचंय. अपेक्षाला सोबत नेणार, आणि तिला वाटतंय की निदान सहा महिने मी यावं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबांचा मार्चमधला रिपोर्ट चांगला आला तर येईन. नाही आला तर नाही. तुमच्या तब्येतीपुढे मला अमेरिका नको." ती थांबली, लाटणं हातात धरून. "तुम्हाला काय वाटतं?"

आता इथे बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस होती. सर म्हणाले, "तिकडे थंडी असते. स्वेटर घे."

हेमा पोळीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता घंटा दोनदा वाजली. सरांनी गोळी तळहातावर घेतली. ही एवढीशी लालबुंद गोळी रोज गिळायची, म्हणजे मार्चमध्ये रिपोर्ट चांगला येणार, म्हणजे हेमा जाणार. भूमितीत याहून सोपी सिद्धता त्यांनी कधी शिकवली नव्हती. ते उठले, गॅलरीत गेले, जास्वंदीच्या कुंडीत बोटाने भोक पाडून गोळी पुरली, वर माती सारली. मग आत येऊन विश्रांतवाडीला दोनदा घंटा दिली. घेतली, असं कळवलं. आणि गोळी घ्यायची नाही तर चहा का सोडायचा, म्हणून आलं किसून चहा टाकला.

चहा चांगला झाला होता. त्यांना तो गोड लागला नाही.

हे रोजचं झालं. रविवारी हेमासमोर गोळी गालात धरत आणि ती आत वळली की गुपचूप कुंडीत टाकत. हृदयाच्या गोळ्या ते नेमाने घेत. मरायचं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. त्यांना फक्त थोडं आजारी राहायचं होतं, हेमाला अमेरिकेला जाता येणार नाही इतपत. एका रविवारी हेमाने गॅलरीत जाऊन विचारलं, "जास्वंद काय फुललीये हो! काय घालता?"

"पाणी," सर म्हणाले.

थंडी पडली तसा जिन्यात पुन्हा दम लागायला लागला. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला धरून उभे राहत आणि मनाशी म्हणत, जमतंय. संक्रांत झाल्यावर मात्र एका सकाळी शौचाला काळी झाली. डांबरासारखी काळी, चिकट, आणि वास असा की त्यांनी खिडकी उघडली.

सर बाहेर येऊन खुर्चीत बसले.  गोळी चालू असती तर घाबरायचं कारण नव्हतं. गोळी दोन महिन्यांहून अधिक काळ बंद होती. म्हणजे हा रंग लोहाचा नाही. म्हणजे हे रक्त आहे, त्यांचं स्वतःचं, आत कुठेतरी झिरपणारं. आणि हे जगात फक्त त्यांना एकट्यालाच कळू शकत होतं, कारण बाकी सगळ्यांच्या लेखी यज्ञेश्वर गद्रे रोज चारला न चुकता गोळी घेत होते. तसा त्यांनी रोज कॉल दिला होता.

डॉक्टरांकडे एकटंच जावं असं त्यांना वाटलं. पण चप्पल घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ते भिंतीला टेकले, फोनपाशी आले आणि विश्रांतवाडीचा नंबर फिरवला. घंटा दोनदा वाजली. तिकडे कुणी उचलणार नव्हतंच. हेमाला वाटलं असेल, सकाळच्या गोळ्या घेतल्या म्हणून सांगतायत. सरांनी फोन ठेवला नाही. तिसरी वाजली, चौथी वाजली. पाचवीला तिने घाईघाईने उचलला. "अहो, काय झालं?"

"ये," सर म्हणाले. "रिक्षा करून ये."

रिक्षा करून ये, असं हा माणूस म्हणतो म्हणजे काय झालं असेल, हे हेमाला वेगळं सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "काळी होतेय म्हणता. पण लोह चालू आहे ना?"

शेजारच्या खुर्चीत हेमा बसली होती. पदराने कपाळ पुसत होती. अपेक्षाला शेजारणीकडे ठेवून तशीच आली होती, घरातल्या साडीवर. तीच म्हणाली, "हो, हो. रोज चारला. एक दिवस चुकवत नाहीत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर अब्रू राहत होती.

"नाही," सर म्हणाले. "दिवाळीपासून घेतलेली नाही."

हेमाचा हात कपाळावरच राहिला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे आत्ता बोललात म्हणून बरं. लोह चालू आहे म्हणाला असतात, तर कदाचित मीसुद्धा रंगाचा दोष गोळीवर टाकला असता. हृदयाच्या गोळ्या? त्या बंद केल्यात का स्वतःच्या मनाने?"

"नाही. त्या रोज."

"तेवढी अक्कल तरी वापरलीत. आणि लोह का सोडलंत, सर? तुमच्यासारख्या माणसाने?"

खरं कारण सरांच्या अगदी जिभेपर्यंत आलं आणि तिथून परत फिरलं. "चारला चहा लागतो मला," ते म्हणाले.

हेमा काही बोलली नाही. पुढचे कित्येक दिवस बोलली नाही.

त्यांना लगेच दवाखान्यात ठेवलं, रक्त चढवलं, दुर्बिणीतून पाहिलं. पोटात व्रण झाला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा मेळ नव्याने बसवला, व्रणासाठी गोळ्या दिल्या, आणि लोहाची गोळी पुन्हा आली, सगळ्यांपासून लांब, दुपारी चारला. हेमा त्यांच्याबरोबर नारायण पेठेत आली आणि राहिली. ऋचाने अपेक्षाला पाळणाघरात घातलं.

सरांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. हेमा घरात होती. सकाळी तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, दोरीवर तिची साडी वाळत होती. आणि ती त्यांच्याशी अक्षर बोलत नव्हती. चारला पेला आणि गोळी घेऊन येई, ते गिळेपर्यंत समोर उभी राही आणि पेला घेऊन निघून जाई. ती विश्रांतवाडीला होती तेव्हा निदान रविवार तरी होता. आता ती हाताच्या अंतरावर होती आणि सर तिच्या आठवणीने कासावीस होत होते.

एका दुपारी त्यांना राहवलं नाही. "माझा बंद आहे म्हणून तू कशाला थांबतेस? तू घे की चारला चहा."

ती दारात थांबली. पाठमोरीच म्हणाली, "मी चारचा चहा सोडलाय. पावसाळ्यापासून."

"का?"

"तुम्हाला मिळत नाही म्हणून." मग ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "तिकडे ऋचाची शेजारीण रोज बोलवायची. मी म्हणायची, नको, आमच्या ह्यांची गोळीची वेळ आहे. घंटा द्यायची आणि बसून राहायची तुमची घंटा येईपर्यंत. आणि तुम्ही इथे आलं घालून चहा पीत होतात. घोटभर चहासाठी मला विधवा करायला निघाला होतात."

 चहासाठी नव्हे गं, असं सरांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगून काय होणार होतं? खरं कारण सांगितलं की ती थांबणार. केवळ दयेने थांबणार, आणि जन्मभर मनात राहील की या माणसाने स्वतःचं रक्त घालवून मला बांधून ठेवलं. त्यापेक्षा चहाचा लोभी म्हणून राहिलेलं बरं. जे केलं ते केलं. आता तिला मोकळं करायचं.

त्या दिवसापासून त्यांनी पेला तिच्या हाताने यायची वाट पाहिली नाही. चारला स्वतः उठत, लिंबू पिळत, तिच्यासमोर गोळी जिभेवर ठेवत आणि गिळत. प्रत्येक गोळीबरोबर रिपोर्ट थोडा सुधारणार, प्रत्येक गोळीबरोबर ती थोडी लांब जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. तरी एकही चुकवली नाही. सहाला दोघं चहा घेत. हळूहळू हेमा दोन शब्द बोलायला लागली. पेपरात काय आलंय, मुक्ताबाईंची सून कशी आहे, असं. सर तिच्याकडे इतक्या वेळा पाहत, की एकदा ती म्हणाली, "काय बघताय? चहात काही पडलंय का?"

मार्च संपता संपता रिपोर्ट आला. हेमा प्रयोगशाळेतून घेऊन आली, वाटेत डॉक्टरांना दाखवूनच. "छान आलाय. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं आता काही नाही, औषधं सांभाळा." तिने कागद टेबलावर ठेवला. "ऋचाचा काल रात्री फोन येऊन गेला. तिकिटं काढायचीत. कळवते तिला."

"हो," सर म्हणाले. "कळव."

ती फोनकडे गेली. तिने रिसीव्हर उचलला. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आपण शहाण्यासारखं वागायचं ठरवलंय, हे त्यांना पूर्णपणे आठवत होतं. तरीसुद्धा तोंड उघडलं.

"चहासाठी नव्हतं ते."

"काय?"

"गोळी. चहासाठी नव्हती सोडली. रिपोर्ट वाईट यावा म्हणून सोडली होती." आवाज कापायला लागला, तो त्यांना आवरेना. "चांगला आला असता तर तू गेली असतीस. आता चांगला आलाय. तू जा, मी आडकाठी करत नाही. पण मला तुझ्याशिवाय करमत नाही, हेमा. रविवारी तू बसमध्ये बसलीस की मला घरी यावंसं वाटत नाही. तू गेल्यापासून नाही वाटलेलं. हे तुला माहीत असावं, एवढंच."

हेमा रिसीव्हर हातात धरून उभी होती. त्यातून नुसता सूर येत होता.  मग तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"एवढं एक वाक्य बोलायला इतकं रक्त घालवायची काय गरज होती हो?" ती म्हणाली. "मी लाटणं धरून उभी होते त्या दिवशी. तुम्ही स्वेटर घे म्हणालात."

सरांनी मान खाली घातली. तिने नंबर फिरवला आणि या वेळी घंटा वाजू दिली, पलीकडून उचलेपर्यंत.

"ऋचा? मी येत नाहीये गं अमेरिकेला. नाही, नाही, रिपोर्ट चांगला आलाय. उत्तम आलाय. आमोदच्या आईंना विचार, त्या केव्हाच्या तयार आहेत." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. हेमा ऐकत राहिली, आणि मग तिने जे सांगितलं ते जरा मोठ्याने सांगितलं, मुक्ताबाईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"अगं, कारण काय असायचंय? तुझ्या बाबांना माझ्याशिवाय करमत नाही. हो, तेच म्हणाले. स्वतःच्या तोंडाने म्हणाले."